पडता काळ कोणाचा?

लेनर्ड कोहेन (१९३४-२०१६) या माँट्रिऑलच्या कवी-गायकाविषयी लिहिताना ‘पडता काळ’ आणि ‘पुनरागमन’ हे दोन शब्द हटकून येतात. आमचा आक्षेप या शब्दांनाच आहे. ते बाजाराच्या वहीतले आहेत. समीक्षेने ते जसेच्या तसे उचलले, की संहिता बाजूला राहते आणि खप तेवढा वाचला जातो.

१९८४ साली ‘व्हेरिअस पोझिशन्स’ ही त्याची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत काढण्यास कोलंबिया कंपनीने नकार दिला. पुढे जगभर गायले गेलेले ‘हॅलेलुया’ तीतच होते. हा प्रसंग कंपनीच्या अरसिकतेचा दाखला म्हणून सांगितला जातो. पण कंपनीने नाकारलेले आणि जगाने डोक्यावर घेतलेले गाणे एकच आहे काय? कोहेन स्वतः मैफलींत कडवी बदलत राहिला. जॉन केलने त्याच्याकडून कडव्यांची अनेक पाने मागवली, त्यांतून आपली निवड केली आणि १९९१ साली ती गायली. १९९४ साली जेफ बकलीने केलचाच पाठ पुढे नेला. या पाठात मूळचा प्रार्थनेचा सूर मागे सरला आणि दुखावलेल्या प्रेमाचा पुढे आला. प्रतींचे पाठभेद ताडून पाहण्याची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा, इतका तो मोलाचा आहे.

१९९४ ते १९९९ ही माउंट बाल्डीवरील झेन मठातली वर्षे ‘मौनाची’ मानली जातात. मठ सोडल्यावर तो मुंबईत रमेश बाळसेकरांना ऐकायला आला (निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत उलगडणारे हेच ते बाळसेकर). या काळातल्या कविता २००६ च्या ‘बुक ऑफ लाँगिंग’मध्ये आहेत. मग मौन कसले?

एका ठिकाणी मात्र पैशाचा हिशेब टाळता येत नाही. व्यवस्थापकाने केलेल्या अपहाराने त्याची पुंजी गेली. २००६ साली न्यायालयाने सुमारे ९० लाख डॉलर देण्याचा आदेश दिला, पण वसुली कठीणच होती. आणि २००८ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, तो दौऱ्यावर निघाला. त्या संकटामुळेच उत्तरकाळातली गाणी मिळाली, असे काही रसिक समाधानाने म्हणतात. आम्हाला हे समाधान निर्दय वाटते. ही गाणी त्याला स्वस्थपणे घरी बसूनही लिहिता आली असती.