सरकारी कागदाची किल्ली कुणाकडे?



सरकारी कचेऱ्यांनी ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरावे का, हा विषय निघाला की गाडी लगेच पैशावर येते. "फुकट मिळतंय तर घ्या की!" असे काहीजण म्हणतात, तर "फुकटच्या मालाची हमी कोण देणार?" असे इतर. आम्ही संगणकावर पोट भरणारी मंडळी, आणि आम्हाला वाटते की मूळ प्रश्न पैशाचा नाहीच. परवान्याचे पैसे वाचतात, पण बसवणे, दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांना शिकवणे यावर खर्च होतोच. खरा प्रश्न असा, की सरकारी कागद वीस-तीस वर्षांनी उघडायचा झाला, तर त्याची किल्ली सरकारकडे असेल की एखाद्या कंपनीकडे?

आपल्याला हे वेगळे सांगायला नको. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टाइप केला, तो फाँट नसेल तर फाईल उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हे दिसत. मजकूर आपला, पण वाचायची सोय दुसऱ्याच्या हाती! मराठीला यातून बाहेर काढले ते युनिकोड या सर्वांसाठी खुल्या मानकाने. ओपन सोर्समध्ये असाच खुलेपणा प्रोग्रामच्या बाबतीत असतो. त्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता, बदलता आणि पुढे देता येतो.

या वाटेवरचा सर्वात गाजलेला प्रवासी म्हणजे जर्मनीतले म्युनिक शहर. २००३ मध्ये तिथल्या नगर परिषदेने विंडोज सोडून लिनक्सकडे जायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौर क्रिश्चियन उडे यांना भेटायला गेले, किंमतही कमी केली, पण शहर बधले नाही. २०१३ अखेर सुमारे १५,००० संगणकांपैकी बहुतेक सगळे लिनक्सवर आले. पत्रांचे नमुने आणि फॉर्म यांसाठी शहराने स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि तोही सर्वांना खुला केला.

पण २०१४ मध्ये महापौर बदलले आणि वारेही फिरले. बाहेरून आलेल्या फायली नीट उघडत नाहीत, अमुक प्रोग्राम विंडोजवरच चालतो, अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्याच. शहराचे संगणक विभागही विस्कळीत होते. लोकांचा राग मात्र निघाला लिनक्सवर. २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतायचे ठरवले. पुढे २०२० मध्ये नवी आघाडी आली आणि तिने शक्य तिथे ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचे ठरवले. म्हणजे निवडणुका बदलतात तशी धोरणे बदलली, आणि दर फेरीचा भुर्दंड करदात्याला!

याउलट आपल्या केरळकडे पाहा. तिथे २००१ मध्ये शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत शाळांचे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आले. त्यानंतर डावी आणि काँग्रेसप्रणीत आघाडी आलटून पालटून सत्तेवर आल्या, तरी गाडी रुळावरच राहिली. आमच्या मते याचे कारण साधे आहे. तिथे आधी शिक्षकांना तयार केले गेले आणि मल्याळम भाषेची सोय केली गेली. ज्याच्या हाताला सवय लागली, तो सरकार बदलले म्हणून सवय सोडत नाही. म्युनिकचे यश एका महापौराच्या भक्कम पाठिंब्यावर उभे होते, तर केरळचे हजारो शिक्षकांवर.

आता जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याची परीक्षा आहे. २०२४ मध्ये या राज्याने सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस आणायचे जाहीर केले, आणि २०२५ मध्ये टपालपेट्याही ओपन सोर्सवर हलवल्या. कारण सांगितले ते 'डिजिटल सार्वभौमत्वा'चे, म्हणजे आपली माहिती आपल्या ताब्यात राहण्याचे. भारत सरकारनेही २०१५ च्या धोरणात ई-प्रशासनासाठी ओपन सोर्सला पहिली पसंती द्यावी असे म्हटले आहे. पण समर्थनीय कारण देऊन अपवाद करण्याची मुभाही ठेवली आहे, आणि ही पळवाट किती रुंद होते यावरच सारे अवलंबून आहे.

आपण परदेशात असलो तरी गावाकडचा सातबारा, आईवडिलांचे पेन्शन, जन्माचे दाखले अशा कागदांशी आपली नाळ जोडलेली आहे. म्हणून कुठलेही सरकार "आम्ही ओपन सोर्स आणले" असे सांगेल, तेव्हा किती पैसे वाचले एवढेच विचारून थांबू नये. किती लोकांना शिकवले आणि फायली कोणत्या खुल्या स्वरूपात ठेवल्या, हेही विचारावे.

सुरुवात घरापासून करायला काय हरकत आहे? आपापल्या मंडळाची घटना, सभासदांची यादी आणि जुने अंक युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात ठेवले, तर पुढच्या पिढीला ते नक्की वाचता येतील. आपले मत जरूर कळवा.