ऐन काढणीत जनगणना: पिंपळगाव बसवंतहून खुले पत्र

प्रति,
महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

आपल्या अधिसूचनेप्रमाणे देशाची लोकसंख्या १ मार्च २०२७ या दिवसाची धरली जाईल आणि माणसे मोजण्याचे काम त्याआधी फेब्रुवारीत होईल. निफाड तालुक्यात हे दिवस द्राक्षाच्या ऐन काढणीचे. पिंपळगाव बसवंतच्या चहूबाजूंच्या बागांत तेव्हा सुरगाणा, पेठ, कळवण आणि गुजरातच्या डांगमधून आलेल्या टोळ्या कामाला असतात. भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की पाड्यांवर हाताला काम उरत नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या त्या डोंगरात पुढे प्यायच्या पाण्याचीही ओढाताण सुरू होते. मग मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे पोराबाळांसह जगायला खाली उतरतात. मुक्काम बागेच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत किंवा प्लास्टिकचा कागद टाकलेल्या झोपडीत. बाजार समितीच्या आवारात आणि कांद्याच्या खळ्यांवर उत्तर प्रदेश-बिहारची माणसे गोण्या भरत असतात, ती वेगळीच.

ही माणसे कुठे मोजली जाणार?

२०११चा नियम स्पष्ट होता. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरापासून दूर असेल, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची. नियम चांगलाच आहे. अडचण आहे ती त्याआधीच्या टप्प्याची. घरांची यादी करण्यासाठी ठरवलेला काळ एप्रिल ते सप्टेंबर २०२६ आहे आणि खरड छाटणी उरकली की मजुरांची ही वस्ती बागेतून उठते. प्रगणक फेब्रुवारीत हातात घेऊन फिरेल त्या यादीत ती झोपडी नसण्याचीच शक्यता जास्त. तिकडे सुरगाण्याच्या पाड्यावर घराला कुलूप. म्हणजे एकाच कुटुंबाला वगळण्याची सोय दोन्ही तालुक्यांत आपोआप झालेली आहे, आणि हे कुणी मुद्दाम केलेले नसले तरी त्याचा फटका त्या कुटुंबालाच बसतो. अन्न सुरक्षा कायद्याखालचे धान्य किती लोकांना द्यायचे, हे आजही २०११च्या लोकसंख्येवर ठरते. एकदा राहून गेलेला माणूस पुढे वर्षानुवर्षे राहून जातो.

लोकसंख्या वाढली असे म्हणताना डोळ्यांसमोर पाळणे येतात. पण वाढीचा एक भाग पायी, एसटीने आणि रेल्वेने येतो. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे वाढली. त्याच काळात इतर राज्यांतून आलेल्यांतून बाहेर गेलेले वजा केले, तर उरलेला आकडा २३ लाखांच्या घरात होता. साधारण आठातला एक. उलट २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या ४.८२ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२१ टक्क्यांनी घटली, तर ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला. कोकणातली चाकरमानी घरे कुठे गेली, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

देशोदेशीची सरकारे आता या येण्याजाण्यावरच लोकसंख्येचे धोरण आखतात. कॅनडात २०२३ मध्ये लोकसंख्या तीन टक्क्यांहून अधिक वाढली. त्यातला जवळजवळ सगळा वाटा बाहेरून आलेल्यांचा होता. घरभाडी कडाडली, लोकांचा रोष वाढला, आणि २०२४ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांच्या व तात्पुरत्या कामगारांच्या परवान्यांना कात्री लावली. २०२५ मध्ये तिथली वाढ जवळपास थांबलीच. जर्मनीत १९७२ पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने कुशल मनुष्यबळासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला, तो आपल्या महाराष्ट्राशीच. आणि महाराष्ट्राची स्वतःची गत काय? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथला एकूण जननदर १.७ निघाला. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला साधारण २.१ लागतो. जे राज्य आपली मुले जर्मनीला पाठवू पाहते आणि ज्याच्या बागा-खळ्यांचे काम परगावच्या हातांवाचून अडते, त्याला आलेल्या-गेलेल्यांचा हिशेब जन्म-मृत्यूइतकाच चोख हवा.

हिशेब नसला की काय होते, ते मे २०२० मध्ये पिंपळगावाने हमरस्त्यावर पाहिले आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरून डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरे घेऊन माणसांचे लोंढे उत्तरेकडे चालले होते. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की १ कोटी ४ लाखांहून अधिक कामगार आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती जण दगावले, या प्रश्नावर मात्र अशी माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर मिळाले. त्या वेळी सरकारपुढे स्थलांतराचे सगळ्यात ताजे तक्ते २०११च्या जनगणनेचे होते. त्यांतले मुख्य तक्ते प्रसिद्ध व्हायलाही २०१९ साल उजाडले होते.

म्हणून महोदय, फेब्रुवारीआधी काही गोष्टी व्हायला हव्यात. निफाड आणि दिंडोरीसारख्या तालुक्यांत जानेवारीअखेर मजुरांच्या वस्त्यांची वेगळी यादी करावी. बागायतदार, पॅकहाऊस आणि मुकादम यांना कोण कुठे उतरले आहे हे पक्के ठाऊक असते. तलाठी आणि ग्रामसेवकांनी त्यांना विचारले, तर हे काम थोड्या दिवसांत होईल. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसतोड टोळ्यांनाही हेच लागू आहे. त्यांचे कोयतेही फेब्रुवारीत थांबलेले नसतात. प्रगणकांनी दिवस उगवायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जावे, कारण एरवी झोपडीत म्हातारी आणि तान्ही पोरेच सापडतील. पाड्यावरच्या कुलूपबंद घरापाशी शेजाऱ्याला विचारून कुटुंब कोणत्या तालुक्यात गेले, याची नोंद घ्यावी.

जन्मस्थान आणि आधीचे राहते ठिकाण एवढे विचारून हंगामी मजूर हाती लागत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये, गेल्या वर्षभरात कामासाठी एक महिना ते सहा महिने बाहेर होता का, असे विचारले होते. तोच प्रश्न माणसागणिक विचारावा, आणि त्याचे तालुकावार तक्ते दोन वर्षांच्या आत प्रसिद्ध करावेत. गणना डिजिटल असल्याने आता उशिराला कारण उरत नाही. सुरगाण्याच्या शाळेच्या हजेरीपटावरची मुले जानेवारी ते एप्रिल कुठे असतात आणि निफाडमध्ये त्यांच्यासाठी किती हंगामी वर्ग लागतात, हे जिल्हा परिषदेला त्या तक्त्यांवरूनच ठरवता येईल.

एक नागरिक,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक