खिडकीपुढची रांग

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण उगीच पडलेली नाही. एका दाखल्यासाठी कचेरीचे चार हेलपाटे, हे चित्र कोणाला अपरिचित आहे? पगारदाराची त्यात रजा जाते. रोजंदारीवर जगणाऱ्याची मात्र मजुरी बुडते. हेलपाटे चुकवायचे, तर दलालाचे हात ओले करावे लागतात.

हे चित्र बदलू शकते, याचा प्रत्यय राजधानी दिल्लीत आला. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील परिवहन विभागाने ३३ सेवा घरबसल्या देण्यास आरंभ केला. शिकाऊ परवाना, परवान्याचे नूतनीकरण, पत्त्यातील बदल यांसाठी कार्यालयात जाण्याची गरज उरली नाही. वाहन चालविण्याची चाचणी मात्र प्रत्यक्षच द्यावी लागते आणि ते योग्यच आहे.

वेळेची बचत हा यातील एकच लाभ. त्याहून मोठा लाभ आहे तो पुराव्याचा. केंद्र सरकारच्या खात्यांकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज २०१३ पासून ऑनलाइन करता येतो. शुल्क अवघे १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील नागरिकांना तेही माफ. अर्ज पाठवताच नोंदणी क्रमांक मिळतो आणि उत्तरासाठी कायद्याने ठरवलेली ३० दिवसांची मुदत मोजता येते. ‘तुमचा अर्ज मिळालाच नाही,’ असे मग कोणी सहसा म्हणू शकत नाही.

ज्यांच्याकडे संगणक नाही किंवा ज्यांना अक्षरओळख बेताची आहे, त्यांनी काय करावे, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. म्हणूनच कचेरीतील खिडकी बंद होता कामा नये. ऑनलाइन सेवा ही सोय असावी, सक्ती नव्हे. परंतु ज्याच्या हाती मोबाइल आहे आणि ज्याला वाचता येते, त्यानेही दुसऱ्याकडून अर्ज भरून घेतला, तर काय साधले? पूर्वी कचेरीच्या दारात उभा असणारा दलाल आता संगणकामागे जाऊन बसेल, इतकेच!

यास्तव पहिला अर्ज स्वतः भरावा. चुकल्यास जाणकाराला विचारावे. मात्र आपला पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नये. एकदा हे जमले, की शेजारच्या वृद्धाचा अर्जही त्याला जवळ बसवून, समजावून सांगत भरावा. साक्षरतेचे सार्थक परीक्षेतील गुणांइतकेच अशा स्वावलंबनातही आहे.