दानाचे रक्त, विकतचे औषध

लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांच्या शिबिरांत कामगार रक्त देतो ते मोबदल्याविना. तांबड्या पेशी रुग्णांना चढविल्या जातात. शिल्लक रक्तद्रव बराचसा औषधी कारखान्यांकडे जातो आणि त्यातून इम्युनोग्लोब्युलिन बनते.

१९५२ साली ब्रूटन यांनी वर्णन केलेल्या आनुवंशिक व्याधीत मुलग्याच्या शरीरात प्रतिपिंडे जवळजवळ तयारच होत नाहीत. आईकडून मिळालेली सहाएक महिन्यांत सरली की कान फुटणे, न्यूमोनिया यांची रांग लागते. दोष बहुधा मातृकुळातून येतो. म्हणून ‘मुलाचा एखादा मामा लहानपणीच दगावला होता काय?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलाच पाहिजे. तो न विचारल्याने, परळलाच के. ई. एम.च्या आवारात तपासणी करणारी राष्ट्रीय संस्था असूनही, वर्षे वाया जातात.

नेहमीचा इलाज म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, दर तीन-चार आठवड्यांनी, जन्मभर. मात्रा वजनावर ठरते. मुलगा अंगाने भरला की बापाच्या पोटात गोळा येतो! दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखालील मदतीला रुग्णामागे ५० लाखांची मर्यादा आहे. जन्मभराच्या औषधाला मर्यादा कसली? दान दिलेल्या रक्तद्रवाचा वाटा औषधाच्या रूपाने सार्वजनिक रुग्णालयांत विनामूल्य परत आला पाहिजे. ही अट रक्तपेढ्यांच्या करारांत घालण्यास सरकारला भाग पाडावे लागेल, आणि शिबिरे भरविणारी मंडळेच ती मागणी प्रथम करू शकतात.