तरुण संघाची नाताळफेरी

मराठी बोलणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजात ‘मंडळी’ या साध्या शब्दाला एक खास अर्थ आहे. एरवी घरी आलेल्या पाहुण्यांना किंवा सभेतल्या श्रोत्यांना उद्देशून वापरला जाणारा हा शब्द मराठी बायबलात श्रद्धावंतांच्या समूहासाठी योजला गेला, आणि त्यामुळे चर्च म्हणजे दगडविटांची इमारत व मंडळी म्हणजे त्या इमारतीत उपासनेला जमणारी माणसे, हा भेद मराठीत सहज राहून गेला. या मंडळीत धर्मोपदेश करणारे पाळक असतात, कारभार पाहणारे पंच असतात, महिला मंडळ असते, लहान मुलांची रविवारची शब्बाथ शाळा असते, आणि शब्बाथ शाळेतून बाहेर पडलेल्या पण अजून संसारात न पडलेल्या मुलामुलींचा तरुण संघ असतो. वर्षभर या संघाचे नाव फारसे कोणाच्या तोंडी नसते. डिसेंबर उजाडला की मात्र चर्चची साफसफाई, रंगीत पताका, नाताळचे नाटक, गाण्यांचा सराव आणि घरोघरची फेरी अशी सगळी कामे त्याच्याकडे येतात, आणि हौसेची म्हणून समजली जाणारी हीच कामे ख्रिस्ती कुटुंबातील श्रद्धेच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत मोलाची असतात.

तरुणांचा वेगळा संघ असावा ही कल्पना तशी अर्वाचीन आहे. जॉर्ज विल्यम्स यांनी १८४४ मध्ये लंडनमध्ये यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन स्थापन केली, ती शहरात पोटासाठी आलेल्या तरुण नोकरदारांना आधार मिळावा म्हणून. फ्रान्सिस क्लार्क या धर्मोपदेशकाने १८८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे सुरू केलेल्या ख्रिश्चन एन्डेव्हर या चळवळीचा रोख निराळा होता. तरुणांनी मागच्या बाकावर बसून वडीलधाऱ्यांची प्रार्थना ऐकण्यापेक्षा स्वतः उठून प्रार्थना करावी, वचन वाचावे आणि मंडळीतील एखादे काम अंगावर घ्यावे, असा तिचा आग्रह होता. क्लार्क ज्या काँग्रिगेशनल पंथाचे होते त्याच पंथाशी, १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला म्हणजे आजच्या अहिल्यानगरला काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे जवळचे नाते होते. काम सोपवून श्रद्धा शिकवण्याची ही रीत मराठी मंडळ्यांच्या वळणाशी जुळली, याचे कारण त्या नात्याइतकेच येथील ख्रिस्ती कुटुंबाच्या घडणीतही शोधावे लागते.

ही घडण समजून घ्यायची तर पहिल्या पिढीपर्यंत मागे जावे लागते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याच्या संस्काराने ख्रिस्ती धर्मात प्रवेश केला, तेव्हा तो निर्णय त्यांचा एकट्याचा होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे माहेरच्या माणसांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या, पुढे सोवळे सांभाळत नवऱ्याच्या घरी आल्या, आणि सोवळ्याची एकेक गाठ सुटत जाऊन १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा प्रवास ज्या सरळपणाने आला आहे, त्यावरून एक गोष्ट लक्षात येते की एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकमेकांवर जीव असणाऱ्या दोन माणसांनाही श्रद्धा एकमेकांना देता आली नाही. ज्याची त्याला ती मिळवावी लागली.

नातवंडांच्या आणि पणतवंडांच्या पिढीचा प्रश्न याच्या नेमका उलटा आहे. त्यांना काही सोडावे लागले नाही, कोणाचा रोष पत्करावा लागला नाही. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, भिंतीवर वचनांचे कॅलेंडर होते, रात्री जेवणापूर्वी आजीची प्रार्थना होती, आणि देव घरातल्या माणसांसारखाच गृहीत धरलेला होता. म्हणूनच ख्रिस्ती मंडळ्यांत बाप्तिस्म्यानंतर, जाणत्या वयात, दृढीकरण नावाचा दुसरा विधी ठेवलेला आहे, ज्यात आईवडिलांनी आपल्या वतीने दिलेला शब्द मूल मंडळीसमोर उभे राहून आपल्या तोंडाने देते. विधी तासाभरात आटोपतो. तो शब्द आतून उमटण्यासाठी मात्र काही वर्षे लागतात, आणि ती वर्षे बहुधा तरुण संघात जातात.

नाताळच्या तयारीत गव्हाण उभी करणे हे पहिले काम असते. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो या गावी येशूजन्माचा देखावा मांडला, तेव्हापासून ही प्रथा जगभर पसरली असे मानले जाते. पण मराठी मुलुखात तिला जो शब्द मिळाला तो थेट शेतकऱ्याच्या घरचा आहे. गव्हाण म्हणजे जनावरांपुढे वैरण टाकण्याची जागा, आणि ज्या घरात बैल आणि माणसे यांच्यामध्ये एकाच भिंतीचे अंतर असते त्या घरातील मुलाला, उतारशाळेत जागा न मिळालेल्या बाईने बाळ गव्हाणीत ठेवले, हे समजावून सांगावे लागत नाही. कडबा कोठून आणायचा, माती कशी मळायची, बांबूच्या कामट्या सुतळीने बांधून त्यांवर घोटीव कागद चिकटवलेली चांदणी दिव्याच्या उष्णतेने पेटू नये म्हणून आत किती मोकळी जागा सोडायची, हे मोठी मुले लहानांना शिकवतात. हे करताना प्रश्नही निघतात. मेंढपाळ फक्त लूककृत शुभवर्तमानात आहेत आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक फक्त मत्तयाच्या, मग दोघांना एकाच रात्री एकाच गोठ्यात का उभे करायचे, असे एखादी मुलगी विचारते, आणि वर्षभराच्या उपदेशांनी जे झाले नाही ते त्या क्षणी होते, कारण चारही शुभवर्तमाने उघडून बसण्याची गरज तिला स्वतःला वाटलेली असते. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेल्या वस्त्यांत, गावोगावचे तरुण जे नाताळगोठे उभारतात त्यांतही हाच अभ्यास कामाच्या रूपाने चाललेला असतो.

गव्हाणीनंतर येते ती कॅरलची फेरी. कॅरल म्हणजे येशूच्या जन्माचे गीत, आणि फेरी म्हणजे ती गीते म्हणत मंडळीतील प्रत्येक घरी जाणे. उपासना संपल्यावर रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास मुले निघतात. एकाच्या गळ्यात ढोलकी, दोघांच्या हातात टाळ, पुढे काठीला बांधलेली चांदणी, आणि पेटी दोघांनी आळीपाळीने उचललेली. घरापुढे पोहोचल्यावर आधी अंगणातच एक गीत होते, दार उघडले की ‘जय ख्रिस्त’ म्हणून सगळे आत जातात, दुसरे गीत बसून होते, कोणी लूकच्या दुसऱ्या अध्यायातील काही ओळी वाचतो, आणि मग सर्वांत अवघड काम येते, ते म्हणजे त्या घरासाठी प्रार्थना करणे. प्रार्थना पाठ केलेली नसते. त्या घरात यंदा कोण गेले, कोणाची नोकरी सुटली, कोणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, हे ठाऊक असल्याशिवाय ती करताच येत नाही, आणि म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला निदान त्या एका रात्रीपुरते शेजाऱ्याचे दुःख नीट माहीत करून घ्यावे लागते. त्यानंतर चहा होतो, डब्यातून करंज्या आणि शंकरपाळे निघतात (नगरकडच्या ख्रिस्ती घरांतील नाताळचा फराळ हा दिवाळीच्या फराळाचा सख्खा भाऊ आहे), दानपेटीत यथाशक्ती दान पडते, आणि चांदणी पुढच्या घराकडे वळते. जी आजी गुडघ्यांमुळे वर्षभर चर्चला येऊ शकलेली नसते तिच्याकडे त्या रात्री चर्च चालत आलेले असते, आणि तिला गीताचे जे कडवे पाठ असते ते मुलांना वहीत पाहून म्हणावे लागते. घरची श्रद्धा आणि मंडळीची श्रद्धा एकमेकींना इतक्या जवळून भेटण्याचा असा प्रसंग वर्षात क्वचितच दुसरा येतो.

हे सर्व ज्या भाषेत आणि चालीत होते तीही कमाई आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना ख्रिस्ताची कथा ओव्यांतून ऐकू आली. परंतु एकोणिसाव्या शतकातील मिशनांत पुष्कळ गीते इंग्रजी चालींवर बेतलेली होती, ज्यांत मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ ताणले जात. टिळकांनी अभंग, पदे आणि कीर्तन चर्चमध्ये आणले, आणि त्यांच्या हयातीत अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या नवऱ्याच्या धर्मांतराने तिचा संसार एकदा उधळला होता, त्याच्याच ख्रिस्तकथेचा उरलेला भाग तिने लिहून काढावा, याहून बोलका कौटुंबिक पुरावा मराठी ख्रिस्ती इतिहासात दुसरा नसेल. आजच्या फेरीत टाळाच्या ठेक्यावर जे अभंग म्हटले जातात त्यांच्यामागे हे घर उभे आहे.

अलीकडे अनेक ठिकाणी ही फेरी आक्रसत चालली आहे. मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यामुंबईला असतात आणि चोवीस तारखेच्या एसटीने येतात, घरे दूरदूरच्या वसाहतींत विखुरली आहेत, आणि एकाच सभागृहात मंच, दिवे, ध्वनिक्षेपक आणि ध्वनिमुद्रित संगीत लावून तीन तासांत कार्यक्रम उरकणे सोयीचे झाले आहे. असे कार्यक्रम देखणे होतात आणि त्यांमागे मुलांची मेहनत असते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु मंचावर गाणाऱ्याला समोरच्या अंधारात कोण बसले आहे हे दिसत नाही, आणि जी आजी येऊच शकली नाही तिच्यासाठी तर तेथे खुर्चीही नसते. सण मोठा होत असताना त्यातून घर वगळले जाणे हे नुकसान आहे, आणि ते मुलांच्या वाट्याला अधिक येते, कारण ज्या प्रार्थनेने त्यांची उसनी श्रद्धा त्यांची स्वतःची व्हायची ती प्रार्थना त्यांना मंचावर करावीच लागत नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. मंडळ्यांच्या पंचांनी नाताळचा खर्च मंजूर करताना मंचाआधी फेरीचा विचार करावा, चोवीसची रात्र जमत नसेल तर आगमनकाळातले, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांतले, रविवार फेरीला द्यावेत, आणि पालकांनी मुलांना अभ्यासाच्या सबबीवर घरी ठेवू नये. घरांची यादी करताना जी माणसे चर्चपर्यंत पोहोचू शकत नाहीत त्यांची नावे सर्वांत वर लिहावीत.