डांसांची गणती

गांवांत तापाची सांथ आली म्हणजे आपणांस प्रथम धुराची आठवण होते. धूर सोडणारें यंत्र गल्लींतून घरघरत गेलें, मुलें त्यामागून धांवलीं, क्षणभर कांहीं दिसेनासें झालें, कीं नगरपालिकेनें आपलें कर्तव्य केलें असें मानून आपण स्वस्थ बसतों. परंतु धूर सोडण्यापूर्वीं त्या गल्लींत डांस किती होते, नंतर किती उरले आणि ते कोणत्या जातीचे होते, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हाच प्रश्न पहिला होय. शत्रूची गणती केल्यावांचून त्याच्यावर चालून जाणें ह्यास शौर्य म्हणतां येईल, शहाणपण म्हणतां येणार नाहीं. ही गणती करण्याचें एक साधन मनुष्यास आपल्या श्वासांतच सांपडलें आहे. त्याची हकीकत विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घेण्याजोगी आहे.

चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकलें असतां ती दुधाळ होते, हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं वर्गांत पाहिलाच आहे. आपल्या उच्छ्वासांतील कर्बद्विप्राणिद वायु, ज्यास आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों, त्याचा हा प्रताप. भोंवतालच्या हवेंत हा वायु शेंकडा सुमारें ०.०४ असतो, उच्छ्वासांत तो शेंकडा सुमारें ४, म्हणजे शंभर पट असतो. हा फरक आपल्या नाकास कळत नाहीं, पण डांसाच्या मादीस कळतो. तिच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंस बारीक स्पर्शिका असतात व त्यांवर ह्या वायूची जाणीव होणारीं इंद्रियें असतात. नर फुलांतील रसावर निर्वाह करितो. मादीस मात्र अंडीं घडविण्यासाठीं रक्त लागतें. उच्छ्वासानें भारलेली झुळूक लागतांच ती वाऱ्यास सामोरी होऊन उडूं लागते, आणि जवळ आल्यावर देहाची ऊब व घामाचा वास तिला उरलेली वाट दाखवितात. दिवा मालवून निजलेला मनुष्य अंधारांतहि तिला अचूक सांपडतो, तो ह्याच कारणानें.

शत्रूची ही खूण ओळखून तिचेंच आमिष करण्याची कल्पना अमेरिकेंत निघाली. विलेम रुडॉल्फ्स यांनीं न्यू जर्सी प्रांतांत डांसांवर निरनिराळ्या द्रव्यांचा परिणाम तपासला व ह्या वायूनें डांस आकृष्ट होतात असें १९२२ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच प्रांतांत थॉमस हेडली यांनीं १९३४ च्या सुमारास दिव्याच्या सापळ्यास ह्या वायूची जोड देऊन पाहिली. पुढें कॅलिफोर्नियांत विल्यम रीव्ह्‌ज यांनीं वायूचें प्रमाण कमीअधिक करून कोणत्या प्रमाणास कोणत्या जाती येतात हें मोजलें. त्यांचा तो अभ्यास १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. १९६२ सालीं सुडिया व चेंबरलेन यांनीं हातांत धरून नेण्याजोगा, विद्युद्घटावर चालणारा लहान सापळा तयार केला. त्याच घडणीचे सापळे आज जगभर वापरले जातात.

ह्या सापळ्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. वर एक लहान दिवा, त्याखालीं पंखा व पंख्याखालीं जाळीची पिशवी असते. शेजारीं एका डब्यांत कोरडा बर्फ ठेवितात. कोरडा बर्फ म्हणजे गोठविलेला कर्बद्विप्राणिद वायूच होय. तो उणें ७८ अंशांवरहि वितळून पाणी न होतां थेट वायुरूप होतो, आणि डब्याच्या भोंकांतून रात्रभर झिरपत राहतो. मादीस वाटतें, येथें कोणी श्वासोच्छ्वास करीत आहे. ती जवळ येते, पंख्याच्या ओढीनें आंत खेंचली जाते व सकाळपर्यंत पिशवींत कैद होते. सकाळीं कर्मचारी पिशवी उघडून जातवार गणती करितो. आवश्यक तेथें एकाच जातीचे पन्नासपर्यंत डांस एकत्र करून त्यांच्या अंगीं रोगाचे विषाणु आहेत कीं काय, हें प्रयोगशाळेंत तपासतात.

ह्या गणतीचें मोल न्यूयॉर्क शहरास फार महाग पडून कळलें. १९९९ च्या उन्हाळ्यांत वेस्ट नाईल नांवाचा मेंदूस सूज आणणारा विषाणु त्या भागांत प्रथमच अवतरला. त्याची पहिली वर्दी कोणत्याहि सापळ्यानें दिली नाहीं. ती दिली मरून पडणाऱ्या कावळ्यांनीं व इस्पितळांतील रोग्यांनीं. त्या वर्षीं ६२ माणसें आजारी पडलीं व ७ दगावलीं. त्यानंतर तेथें डांसांच्या हंगामांत नेमानें सापळे लावून पकडलेले डांस तपासण्याचा परिपाठ पडला. माणसें आजारी पडेपर्यंत वाट पाहणें आणि डांसांतच विषाणु ओळखून लोकांस आगाऊ सावध करणें, ह्या दोहोंतील अंतर माणसांच्या जिवांनींच मोजावें लागतें.

येथें एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. हा सापळा पाहून कित्येकांस वाटेल कीं, असा एक घरीं टांगला म्हणजे डांसांची पीडा टळली. पण पर्जन्यमापकानें पाऊस थांबत नाहीं, आणि त्यास कोणी छत्रीहि समजत नाहीं. गणतीचा सापळा हा पर्जन्यमापकाच्या जातीचा आहे. माणसांच्या बिछान्याशेजारीं डांसांस बोलावणारें आमिष ठेवणें ह्यांत तर उघडच धोका आहे. बोलाविलेला प्रत्येक पाहुणा पिशवींतच शिरेल, असा नेम नाहीं. केनयांतील व्हिक्टोरिया सरोवरांत रुसिंगा नांवाचें बेट आहे. तेथें २०१३ ते २०१५ ह्या काळांत घरोघरीं सूर्यशक्तीवर चालणारे सापळे बसवून डांस कमी करण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि सापळे असलेल्या घरांत हिंवतापाचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० नें कमी आढळलें. हें यश खरेंच गौरवास्पद आहे. परंतु तेथें संबंध बेट एकदिलानें सहभागी झालें होतें, आणि प्रत्येक घरीं रोज रात्रीं कर्बद्विप्राणिद वायु पुरविणें शक्य नसल्यामुळें त्याच्या जागीं ब्यूटॅनोन नांवाचें दुसरें द्रव्य वापरावें लागलें. एकट्यादुकट्यानें बाजारांतून एखादें यंत्र विकत आणणें म्हणजे तो प्रयोग नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. कोरडा बर्फ सर्वत्र मिळत नाहीं, मिळाला तर टिकत नाहीं, हें खरें. पण पाव फुगविणारें यीस्ट साखरेच्या पाण्यांत घातलें असतां हाच वायु निघतो, व त्यानेंहि हिंवतापाचे डांस सापळ्याकडे ओढले जातात, असें आफ्रिकेंतील डांसांवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं दाखवून दिलें. ज्यास मोजावयाचें आहे, त्यास साधन सांपडतें.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सापळ्यांत सांपडलेली संख्या म्हणजे गांवांतील डांसांची शिरगणती नव्हे. पौर्णिमेच्या चांदण्यांत दिव्याचें तेज फिकें पडतें, वाऱ्यानें वायु भलतीकडे जातो, आणि पोट भरून अंडीं घालावयास निघालेली मादी श्वासाच्या आमिषास सहसा भुलत नाहीं. डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती डांस दिवसा चावतो व रात्रींच्या दिव्याच्या सापळ्यांत फारच थोडा येतो. त्याच्यासाठीं निराळ्या घडणीचे सापळे लागतात. म्हणून पिशवी रिकामी दिसली एवढ्यावरून गांव निर्धास्त आहे असें मानणें हा स्वतःचाच घात होय. तीच जागा, तीच वेळ, वायूचें तेंच प्रमाण ठेवून आठवड्यामागून आठवडा मोजावें, आणि कालच्या आंकड्याशीं आजचा ताडून पाहावा. तरच त्या आंकड्यास अर्थ येतो. आंकडा गैरसोयीचा निघाला म्हणून तो वहींत न लिहिणें हें तर सर्वांत वाईट. पारदर्शक वहीवांचून कोणतेंहि शास्त्र चालत नाहीं.

आपल्या देशांत डांसांची गणती मुळींच होत नाहीं असें नाहीं. सर रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें डांसाच्या जठरांत हिंवतापाचा जंतु पाहिला, तेव्हांपासून ह्या विषयाशीं आपल्या भूमीचा संबंध आहे. पुण्यास १९५२ सालीं स्थापन झालेली विषाणु-संशोधन संस्था डांसांनीं पसरणाऱ्या रोगांचा अभ्यास करीत आली आहे. आरोग्यखात्याचे कर्मचारी विजेरी व शोषनळी घेऊन भिंतींवर बसलेले डांस पकडतात, आणि शंभर घरांपैकीं किती घरांच्या पाण्यांत अळ्या आहेत तेंहि नोंदवितात. असा कर्मचारी दारीं आला असतां त्यास उंबऱ्यावरूनच परत लावणारीं सुशिक्षित कुटुंबें थोडीं नाहींत, ही मात्र खेदाची गोष्ट आहे. धुराचें यंत्र आपण आनंदानें पाहतों. मोजणारा मनुष्य आपणांस उपद्रव वाटतो. ही आपली वृत्ति पालटली पाहिजे.

पालकांस आमची विनंती अशी कीं, त्यांनीं नगरपालिकेकडे केवळ धूर मागूं नये, धुरापूर्वींचा व नंतरचा आंकडाहि मागावा. विद्यार्थ्यांस कोरडा बर्फ नको कीं पंखा नको. उष्ण दिवसांत अंड्यापासून डांस होण्यास सुमारें आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक वार ठरवून घरांतील पिंप, फुलदाणी व कुंडीखालची बशी तपासावी. पाणी ओतून भांडें घांसण्यापूर्वीं किती भांड्यांत अळ्या सांपडल्या तें वहींत लिहावें, आणि ज्या आठवड्यास एकहि सांपडली नाहीं त्या आठवड्यासमोर शून्य लिहावें. तें शून्य पाहून कोणी टाळ्या वाजविणार नाहीं. पण वर्षभराच्या वहींत अशीं शून्यें वाढत गेलीं, तर घरांतील माणसें निरोगी राहण्यास तीं कोणत्याहि धुरापेक्षां अधिक उपयोगी पडलीं असें समजावें.