गुडघाभर पाण्यातला जिताडा

तुमच्या घरात गळ टाकणारं कुणी आहे का? काका, मामा, सासरे, नाहीतर तुम्ही स्वतःच? असेल, तर त्यांच्या फोनवर हे व्हिडिओ येतच असणार. सपाट बुडाची एक बोट, मागे पिंजऱ्यात बसवलेला विमानासारखा भलामोठा पंखा, कानांवर जाड हेडफोन लावलेली माणसं. बोट पाण्यावरून, गवतावरून, चक्क ओल्या चिखलावरून सुसाट पळते. मग इंजिन बंद होतं, माणसं गुडघाभर पाण्यात उतरतात आणि समोर पाण्याबाहेर एका माशाचं शेपूट हलताना दिसतं.

ही एअरबोट. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर अशा बोटींतून उथळ पाण्यातल्या मासेमारीच्या सहली निघतात. बरोबर वाटाड्या असतो आणि येणारा माणूस मुरलेला गळवाला असावा अशी अपेक्षा असते. त्याला कारण आहे. खोल पाण्यात गळ सोडून बसलं तरी चालतं, नशीब असेल तर मासा लागतो. उथळ पाण्यात मात्र आधी मासा डोळ्यांनी शोधायचा, मग त्याच्या पुढे वीतभर अंतरावर आमिष अलगद टाकायचं. पाय जोरात आपटला की मासा गेलाच.

‘असं आपल्याकडे कुठे मिळेल?’ हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी आजचा लेख. एअरबोटची अशी सहल कोकणात शोधत बसू नका. पण तशी मासेमारी आपल्या खाड्यांत आहे, मासाही तोडीस तोड आहे आणि माझं मत विचाराल तर ती बोट इथे नाही हे फार बरं आहे. का, ते सांगते.

आधी बोट समजून घेऊ. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या गटाने १९०५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात विमानाचे पंखे तपासण्यासाठी एक बोट तयार केली होती. तिचं नाव ‘अग्ली डकलिंग’, म्हणजे कुरूप बदक. एअरबोटींची ती पणजी. या बोटीचा पंखा पाण्याबाहेर असतो, त्यामुळे वेलींत अडकायला खाली काहीच नसतं आणि काही इंच पाणीही तिला पुरतं. वळायचं तर मागच्या उभ्या पट्ट्यांनी हवेची दिशा बदलायची. ब्रेक नसतो. नेहमीच्या एअरबोटीला रिव्हर्सही नसतो. आणि आवाज इतका की कान झाकल्याशिवाय बसताच येत नाही. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

टेक्सासमध्ये ज्या माशासाठी हा सगळा खटाटोप चालतो, तो रेडफिश. तांबूस अंगाचा, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला. आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातलाच. १९८० च्या दशकात तिकडे मसाला लावून तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेल्या रेडफिशची इतकी टूम निघाली की समुद्रातला मासाच कमी होऊ लागला. टेक्सासने १९८१ मध्येच त्याची व्यापारी मासेमारी बंद केली होती. आता हौशी माणसाने दिवसाला ३ मासे घ्यायचे, तेही २० ते २८ इंच लांबीचे. त्याहून लहान असेल तर सोडायचा, हे आपल्यालाही पटतं. पण त्याहून मोठाही सोडायचा! (मोठ्यासाठी परवान्यावर वेगळी चिठ्ठी असते, पण ती अपवादाची.) मोठ्या माशाचं हे प्रकरण आपल्याही कामाचं आहे.

आपला मासा म्हणजे जिताडा. मी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला राहते. शेजारच्या आयएनए मार्केटमध्ये तो कायम दिसतो, पण ‘जिताडा’ म्हणून मागितलात तर मिळणार नाही. इथे तो भेटकी असतो, कारण बंगाली गिऱ्हाईक मोठं. पेण-अलिबागकडचा माणूस त्याला जिताडा म्हणेल, मालवण-गोव्याचा माणूस चोणक, आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला तुमचा भाचा बारामुंडी. मासा एकच.

जिताड्याची गंमत अशी की तो साधारणपणे नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे गळाला लागलेला तो हातभर लांबीचा, फोटोत सगळ्यात रुबाबदार दिसणारा जिताडा बहुधा मादी असते, लाखो अंडी देणारी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी ठेवता येत नाही, तो यामुळेच. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पिल्लं वाचवायला सुरुवात झाली हे चांगलंच. आजीबाईंचं काय, ते तूर्त गळ टाकणाऱ्याच्या मनावर आहे.

जिताडा राहतो खाडीत. कांदळवनाच्या मुळांशी, पुलाच्या खांबाआड, बुडालेल्या ओंडक्याजवळ तो दबा धरून बसतो. ओहोटी लागली की छोट्या ओहोळांमधून पाणी मोठ्या खाडीत उतरतं आणि त्याबरोबर कोळंबी आणि बोय माशाची पिल्लं वाहत येतात. त्या ओहोळाच्या तोंडाशी जिताडा हजर. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला पाणपसारा, आचऱ्याची खाडी, गोव्यातल्या मांडवी-झुवारीचे फाटे, हा सगळा त्याचा मुलूख. सोबत तांबोशी असते, काळुंदर असतो.

आता त्या एअरबोटीकडे परत येऊ. टेक्सासच्या किनाऱ्यावरचं उथळ पाणी मैलोन्‌मैल मोकळं आहे. तरीही तिथे बोटींनी पाण्याखालचं गवत उपटलं जाऊ लागलं, तेव्हा ते उपटण्यावरच २०१३ पासून राज्यभर बंदी घालावी लागली. आपलं उथळ पाणी तर मोकळंही नाही. ओहोटीला खाडीत जाऊन बघा. चिखलात वाकून बायका तिसऱ्या गोळा करत असतात, कुणी खडकावरून कालवं फोडत असतं, कुणी गुडघाभर पाण्यात उभं राहून पाग टाकत असतं, कुठे खुंटे रोवून जाळं लावलेलं असतं. तुम्हाला आम्हाला जो ‘फ्लॅट’ दिसतो, ते कुणाचं तरी शेत आहे. त्याच्या कडेला कांदळवनाची श्वास घेणारी मुळं बोटांसारखी चिखलातून वर आलेली असतात. ब्रेक नसलेली, मागे न येणारी आणि हाका ऐकूच न येणारी बोट इथे भरधाव आणायची कल्पना करा. राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे. तरी कुणी हौसेने उद्या अशी बोट आणेलच, रील छान होते म्हणून. तेव्हा पैसे मोजणारे आपणच असू, म्हणून आताच बोललेलं बरं.

आणि मुळात तिची गरजच काय? मालवणच्या किनाऱ्याला अजूनही उलांडीची होडी दिसते. अरुंद, हलकी, आणि बाजूला तोल सांभाळायला बांधलेलं लाकूड म्हणजे उलांडी. उथळात ती बांबूने ढकलत नेता येते. आवाज शून्य. एअरबोटीवाला मासा पळवून लावतो आणि मग तो परत येईपर्यंत थांबतो. होडीवाला मुळात पळवतच नाही! फायबरची लहान बोट असली तरी हरकत नाही, शेवटचा टप्पा इंजिन बंद करून जायचं, एवढं आधी ठरवून घ्या.

खरा प्रश्न बोटीचा नसतोच, वाटाड्याचा असतो. देवबाग-तारकर्लीला पोहोचलात की डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, पॅरासेलिंग असं सगळं एका दमात विकणारे भेटतील. त्यांचं काम ते करतात, पण तुम्हाला हवा असलेला माणूस वेगळा. त्याला विचारा, “गरवायला जायचंय, कुठल्या पाण्याला निघायचं?” जो लगेच “कधीही चला” म्हणेल, त्याला नमस्कार करा. जो आधी तिथी विचारेल, त्याच्याबरोबर जा.

तिथीचं गणित तुम्हीही करू शकता, मोबाइलला रेंज नसताना फार उपयोगी पडतं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि खाडीत आत जावं तशी उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. उधाणाच्या ओहोटीत आत शिरलात आणि वेळ चुकली तर बोट चिखलात बसते आणि पुढची भरती येईपर्यंत तुम्हीही बसता. उन्हात, चार-पाच तास. त्यामुळे ‘परत कधी निघायचं’ हा निर्णय तांडेलाचा. तुमच्या गळाला मासा खेळत असला, तरीही.

कधी जाल? पावसाळा संपून समुद्र शांत झाला की, ऑक्टोबरनंतर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते आणि पावसाळ्यात जलपर्यटनही बंद असतं. दिल्लीकरांना निजामुद्दीनहून कोकण रेल्वेने जाता येतं. विमानाने जाणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळ सोयीचा पडतो. गळ आणि आकडे चेक-इनच्या सामानात टाका, केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत. मालवणजवळ १९८७ मध्ये जाहीर झालेलं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य आहे. त्याची हद्द कुठून सुरू होते हे तांडेलाला विचारून घ्या आणि तिथे काय चालतं हे वन विभागाकडे विचारल्याशिवाय गळ काढू नका.

सामानाबद्दल अनुभवी माणसाला मी काय सांगणार! एवढंच, की जिताड्याच्या कल्ल्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, म्हणून पुढचा लीडर जाड ठेवा. आणि आकड्याचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून सपाट करून न्या. मासा सोडवायला सोपं जातं आणि चुकून बोटात घुसला तर बोट सोडवायलाही.

बरोबर घरचे असतील तर अजून थोडं. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पाणी कमरेएवढं का असेना, कारण ओहोटीची ओढ मुलांना कळत नाही. पायात बंद बूट हवेत, कालवांच्या कडा तळवा चिरतात. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट दबून बसलेलं असतं, घासणारा पाय लागला की ते निघून जातं, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. लागलाच काटा, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला की वेदना कमी होतात. मग डॉक्टर. छातीवर किंवा पोटावर लागला तर थांबायचंच नाही, थेट दवाखाना. शिंगाळ्याचे काटेही असेच वाईट, तो गळाला लागला तर मुलांना हात लावू देऊ नका.

जेवणापुरता एखादा मध्यम आकाराचा मासा ठेवायला काहीच हरकत नाही. तांडेलाच्या घरी त्याचं तिखलं होईल, सोबत उकडा भात. मोठी जिताडीण लागली तर मात्र तिला पाण्यातच ठेवा. फोटो हवाच असेल तर हात आधी ओले करा, एक हात शेपटीशी आणि दुसरा पोटाखाली, आडवं धरून पटकन एक फोटो. जबड्याला धरून उभं लटकवू नका, त्या वजनाने इजा होते. मग तोंड प्रवाहाच्या दिशेला करून हलकेच धरून ठेवा. कल्ले नीट हलू लागले की ती स्वतःच जोर करते, तेव्हा हात सोडायचा.

आणि निघण्याआधी हे तांडेलाला सांगून ठेवा की मोठा मासा आपण सोडणार आहोत. ऐन वेळी सांगितलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहील. त्याच्या दृष्टीने ती त्या दिवसाची कमाई असू शकते. म्हणून बोटीचे पैसे ठरवतानाच, मासा नेला नाही तरी त्याचा दिवस भरून निघेल एवढे ठरवा.